सरकारमान्य नातेवाईक

अमेरिकन कायद्याच्या लेखी मावशी अस्तित्वात नाही. आत्या नाही, काका-मामा नाहीत, आजी-आजोबा नाहीत; सासू, सासरे, जाऊ, नणंद, साडू यांचं तर नावच काढू नका. चुलत-मावस-आते-मामे ही अख्खी फौज एका फटक्यात बाद. या देशाच्या नागरिकाला आपलं माणूस कायमचं इकडे आणायचं असेल, तर ते चारच प्रकारचं असू शकतं: नवरा किंवा बायको, मूल, आईबाप आणि सख्खं भावंड. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्याला तर आईबाप आणि भावंडंही नसतात. जोडीदार आणि लग्न न झालेली पोरं, एवढाच त्याचा संसार सरकार मान्य करतं. लग्नपत्रिकेत ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिमुकल्यांचीच नावं जिथे दोन ओळींत मावत नाहीत, अशा घरात वाढलेल्या माणसाला हा हिशेब पचायला वेळ लागतो.

माझ्या एका जावेने वकिलाला विचारलं होतं, की ज्या आजीने मला लहानाचं मोठं केलं तिच्यासाठी अर्ज करता येईल का? वकील सज्जन होता. तो म्हणाला, “तसा थेट नाही. पण आधी तुम्ही तुमच्या आईला आणा. पाच वर्षांनी आई नागरिक झाली, की ती तिच्या आईला आणेल.” आजी तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. वकिलाने सगळं गणित कागदावर मांडून दाखवलं आणि सल्ल्याची फी घेतली.

नात्यांचा क्रम लावणाऱ्या कायद्याच्या तक्त्यातली एक गोष्ट मात्र मानावी लागेल. नागरिकाचा एकवीस वर्षांवरचा अविवाहित मुलगा पहिल्या रकान्यात असतो. त्याचं लग्न झालं, की तोच मुलगा घसरून तिसऱ्या रकान्यात जातो. लग्न झालं की मुलगा आईपासून लांब जातो, हे आपल्या समस्त सासवांचं मत अमेरिकन काँग्रेसने कायद्यात लिहून ठेवलं आहे. सख्खी भावंडं चौथ्या, म्हणजे शेवटच्या रकान्यात. तिथे पोचेपर्यंत सरकारचा उत्साह मावळलेला असतो.

आमच्याकडे न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास कुठल्याही मराठी घरी चला. आरती झाली, प्रसाद वाटला, की सोफ्याच्या एका कोपऱ्यातून प्रश्न येतो, “तुमची तारीख कुठवर आली?” नवख्याला वाटतं, गावाकडे जमिनीचा खटला चालू असावा. तसं नसतं. तारीख म्हणजे तुमचा अर्ज सरकारदरबारी दाखल झाला तो दिवस. परराष्ट्र खातं दर महिन्याला एक पत्रक काढतं आणि त्यात प्रत्येक नात्यासमोर कुठल्या दिवसापर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला आहे ते छापतं. हे पत्रक आमच्याकडे पंचांगासारखं वाचलं जातं. त्यातल्या तारखा वक्रीसुद्धा होतात. अर्जदार अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, की तारीख पुढे सरकायची सोडून काही महिने मागे जाते. शनी परवडला, तो मार्गी कधी होणार हे निदान आधी सांगता येतं.

रांग एवढी का तुंबते? भावंडांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा, आणि त्यात त्या भावंडांची बायकापोरंही मोजायची. वर कुठल्याही एका देशाला एकूण कोट्याच्या सात टक्क्यांहून जास्त द्यायचे नाहीत, अशी अट. ही सात टक्क्यांची कमाल मर्यादा एकशे चाळीस कोटींहून जास्त लोकांच्या भारताला आहे, आणि चार लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या आइसलँडलाही आहे. समतेचं इतकं कडक पालन मी दुसरीकडे पाहिलं नाही. आइसलँडमधली भावंडं या सवलतीचं काय करतात कोणास ठाऊक.

गंमत म्हणजे हा भावाबहिणींचा रकाना आपल्यासाठी ठेवलेलाच नव्हता. आपल्यासाठी काय होतं ते आधी ऐका. १९२३ साली भगतसिंग थिंद नावाच्या शीख माणसाला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की तुम्ही शास्त्रीयदृष्ट्या कोणत्याही वंशाचे असा, सामान्य माणसाच्या समजुतीने तुम्ही गोरे नाही, सबब नागरिकत्व नाही. १९४६ मध्ये कायदा बदलला आणि भारतीयांना नागरिक होता येऊ लागलं. नव्याने येणाऱ्यांचा कोटा ठरला वर्षाला शंभर. आमच्या मंडळाच्या दिवाळी फराळाला याहून जास्त माणसं नाव न नोंदवता येतात.

मग आला १९६५चा कायदा. ओहायोचे एक खासदार होते, मायकल फीगन. नव्या कायद्यात कौशल्यापेक्षा नात्यागोत्याला वरचं स्थान मिळावं, यावर ते अडून बसले. हिशेब सरळ होता. देशात बहुतेक लोक युरोपातून आलेले. नातेवाइकांना आधी घेतलं, तर येणारेही युरोपातलेच असतील आणि देशाचा चेहरा जसाच्या तसा राहील. ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायाशी बसून सही केली आणि हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, अशी ग्वाहीही दिली. युरोपातली भावंडं काही फारशी आली नाहीत. ती आपापल्या घरी सुखी होती. इकडे आपल्याकडून एक डॉक्टर आला, एक इंजिनिअर आला, तो नागरिक झाला, त्याला तीन भाऊ आणि दोन बहिणी निघाल्या. भावकी म्हणजे काय चीज असते, हे फीगनसाहेबांनी सातारा जिल्ह्यात येऊन एकदा पाहायला हवं होतं.

आता आमच्या दादाचं. मी २००६ साली नागरिक झाले आणि त्याच वर्षी दादासाठी आय-१३० नावाचा अर्ज भरला. दादा तेव्हा चिंचवडला एका कारखान्यात होता. वहिनी म्हणाली, “बघू, एवढी काय घाई आहे?” सरकारचंही नेमकं हेच मत होतं.

पण अर्ज गेला, आणि दादाचं घर अधांतरी लटकलं. भिंतींना रंग द्यायचा विषय निघाला, की दादा म्हणे, “आता कशाला? जायचंच आहे.” जुना फ्रीज रात्री आगगाडी गेल्याचा आवाज काढायचा, तरी वहिनीने तो बदलला नाही. सोफ्याला नवीन कव्हरं नाहीत. शेजारच्या इमारतीत फ्लॅट स्वस्तात मिळत होता, तो सोडला. भाचा पाच वर्षांचा होता, त्याला मात्र तातडीने इंग्रजी माध्यमात घातलं. चार-पाच वर्षांनी पत्रक वाचायचा नाद लागला, तेव्हा दादाला कळलं की तारीख वर्षाला वर्षभरसुद्धा पुढे जात नाही. त्या दिवाळीत फ्रीज बदलला. पुढे रंग झाला, मग फ्लॅट झाला, तोही दुप्पट भावाने. सोफ्याची कव्हरं वहिनी स्वतः शिवायला शिकली आणि त्याचा छोटा धंदाही सुरू केला. अमेरिकेला जायचंय, हे वाक्य हळूहळू त्यांच्या घरात विमा उतरवलाय या अर्थाने म्हटलं जाऊ लागलं. असलेला बरा, वापरायची वेळ न येवो.

मधल्या काळात भाच्याला एक रोग जडत होता, तो म्हणजे वय. भावाबरोबर त्याचं मूल यायचं, तर ते एकवीसच्या आतलं आणि बिनलग्नाचं हवं. वीस वर्षांच्या रांगेत पाच वर्षांचं मूल उभं केलं, तर काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. सरकारलाही हे कळलं, म्हणून २००२ साली त्यांनी पोरांचं वय गोठवणारा कायदा केला. त्याचं सूत्र असं: तारीख येईल त्या दिवशी मुलाचं जे वय असेल, त्यातून अर्ज मंजूर व्हायला कचेरीला जितका काळ लागला तो वजा करायचा. पुन्हा वाचा. कचेरीने जितकी दिरंगाई केली, तितका तुमचा मुलगा तरुण. चार-पाच वर्षं फायली धूळ खात पडलेल्या नशीबवान लोकांची चोवीस-पंचवीस वर्षांची दाढीवाली पोरं कायद्याने अल्पवयीन ठरून आईबापांबरोबर आली आहेत. आमचा अर्ज दुर्दैवाने दोनच वर्षांत मंजूर झाला. सरकारी कचेरीने वेळेवर काम केल्यामुळे नुकसान झालेलं आमचं बहुधा एकमेव मराठी कुटुंब असेल.

दादाची तारीख शेवटी आली ती गोष्ट पुढे. त्याआधी आईची, कारण आई रांग मोडून पुढे आली. नागरिकाच्या आईबापांना कोटा नाही, की तारीख नाही. तिथे अडतं ते कागदांवर.

बाबा गेल्यावर आईला इकडे कायमची आणायचं ठरलं. पहिला कागद जन्मदाखला. आईचा जन्म १९४८ सालचा, कऱ्हाडजवळच्या खेड्यात, घरातल्या बाळंतिणीच्या खोलीत. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा अमलात आला १९७० मध्ये, त्यामुळे आईची पिढी कागदोपत्री जन्मलेलीच नसते, एकदम शाळेत दाखल होते. आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांना कधीतरी प्रश्न पडत असणार, की महाराष्ट्रातल्या बायका ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असं काय करतात, की सगळ्या मे संपल्यावर एकदम बाळंत होतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पोराला बखोटीला धरून शाळेत आणलं, की जूनमध्ये वय पुरं भरावं म्हणून गुरुजी १ जून घालत. आई पुढे स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली आणि तिनेही शेकडो पोरांना १ जूनचं केलं.

जन्मदाखला नसेल तर तो नसल्याचा सरकारी दाखला लागतो, आणि जन्माची माहिती असलेल्या, वयाने मोठ्या माणसांची प्रतिज्ञापत्रं. एकाहत्तर वर्षांच्या बाईचा जन्म आठवणारा माणूस आणायचा कुठून? कऱ्हाडची थोरली मावशी होती, एक झालं. दुसरे उरले अण्णामामा, आईचे चुलतभाऊ, वय त्र्याऐंशी. त्यांचं आणि आईचं बांधावरून कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. सामायिक सातबारा आणि दोन लिंबाची झाडं, एवढंच भांडणाचं भांडवल. मी घाबरत फोन केला, तर मामा एका पायावर तयार. “अगं, सुईणीला बोलवायला मीच पळत गेलो होतो!”

प्रतिज्ञापत्र लिहिताना मात्र मामांनी पेन खाली ठेवलं. “एक जून कुठली? पोरगी नागपंचमीची. घरात पुरणाची दिंडं उकडत होती. मी शपथेवर खोटं लिहिणार नाही.” वकिलाने समजावलं, मावशीने समजावलं. मामा हलेनात. शेवटी कऱ्हाडच्या त्या वकिलाने असं वाक्य घडवलं, की अमुक व्यक्तीचा जन्म १९४८ साली आमच्या राहत्या घरी झाला हे मला स्वतःला माहीत आहे, आणि शाळेच्या दप्तरात तिची जन्मतारीख १ जून अशी नोंदली आहे हेही मला माहीत आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. असा वकील वॉशिंग्टनला हवा होता.

मग नावाची भानगड. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं. आमच्याकडे नुसतं आडनाव बदलून भागत नव्हतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव कोरलं, की पहिलं नावसुद्धा गेलं. तेव्हा या दोन्ही बायका एकच आहेत, असं आणखी एक प्रतिज्ञापत्र. आई म्हणाली, “मलाच पन्नास वर्षं खात्री नव्हती, बरं झालं कागद मिळाला.”

पण सगळ्यात रम्य प्रकरण आय-८६४. ज्याला आणायचं त्याला आपण पोसू, तो सरकारच्या गळ्यात पडणार नाही, असं हे हमीपत्र. उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट हवं. माझी नोकरी अर्धवेळ, तेव्हा घरातलं दुसरं कमावतं माणूस म्हणून नवऱ्याला सही करणं आलं. जावई सासूला पोसणार, असं लेखी! ज्या जातकुळीला अधिक महिन्यात तेहेतीस अनारसे, चांदीचं ताट आणि वर धोतरजोडी घ्यायची सवय, तिच्या शेकडो वर्षांच्या परंपरेला एका अमेरिकन फॉर्मने उलटं टांगलं. नवरा इंजिनिअर आहे, तो सही करण्याआधी वाचतो. ही जबाबदारी संपते कधी? सासू नागरिक झाली तर. सासूने चाळीस तिमाह्या, म्हणजे दहाएक वर्षं, नोकरी केली तर. ती देश सोडून कायमची गेली तर. किंवा दोघांपैकी एक वर गेलं तर. नवऱ्याने पान उलटून पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. “यात घटस्फोट नाही,” तो म्हणाला. मी म्हटलं, नसतोच. त्याने चष्मा काढला. “म्हणजे तू मला सोडून गेलीस तरी आई माझ्याकडे?” त्या रात्री तो माझ्याशी फार प्रेमाने वागला.

मुंबईतली मुलाखत आईने मन लावून गाजवायची ठरवली होती, पण ती काही मिनिटांतच उरकली. फोटोंचे अल्बम, मावशीचं प्रतिज्ञापत्र, मामांचं कायदेशीर महाकाव्य, सगळं पिशवीतून निघून पिशवीत गेलं. २०१९ मध्ये आई आली. येताना पासपोर्टपेक्षा गोडा मसाला जास्त सांभाळून आणला.

पाच वर्षं झाली आणि आईने नागरिकत्वाचा विषय काढला. आम्हाला वाटलं होतं तिला त्यात रस नसेल. म्हाताऱ्या माणसांना सवलती आहेत: ग्रीन कार्ड मिळून वीस वर्षं झाली आणि वय पन्नासच्या वर असेल, किंवा पंधरा वर्षं झाली आणि पंचावन्नच्या वर, तर इंग्रजीची परीक्षा माफ, बाकीची आपल्या भाषेत. म्हणजे एकाहत्तराव्या वर्षी आलेल्या आईला ही सवलत शहाऐंशीव्या वर्षी मिळणार. “तोवर मराठी पण विसरेन,” आई म्हणाली, आणि तिने शंभर प्रश्नांचं पुस्तक मागवलं.

निवृत्त मास्तरीणबाईंच्या हातात परीक्षेचं पुस्तक पडलं की काय होतं, ते आमच्या घराने भोगलं. प्रतिनिधिगृहात मतदान करणारे सदस्य किती? ४३५. “आपल्या विधानसभेत २८८, आणि तेवढ्यांनाच आवरता येत नाही.” संविधानाचे पहिले तीन शब्द कोणते? ‘वी द पीपल’ वाचून आई उसळली, “ही तर आपल्या उद्देशिकेची कॉपी!” मी म्हटलं, आई, यांचं १७८७चं आहे. आई जरा थांबली. “मग त्यांनी सांभाळून ठेवलंन म्हणायचं.” जावयाची रोज जेवताना तोंडी परीक्षा. तो कधीच नागरिक झालेला, पण मिसिसिपीच्या पश्चिमेचा भूभाग १८०३ मध्ये कोणाकडून घेतला ते त्याला आठवेना. हमीपत्रावर सही केलेला माणूस निमूट ऐकून घेत होता.

एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा खरी मजा आली. त्यात तुमचं चारित्र्य तपासणारे प्रश्न असतात. कम्युनिस्ट पक्षाशी संबंध होता का? आईने पेन थांबवलं. “संपात लाल झेंड्यामागून चालले होते, ते धरायचं का?” मोर्चात चालणं म्हणजे सभासदत्व नव्हे, हे पटवायला चहा करावा लागला. मग आणखी गंभीर. वंशसंहारात भाग घेतला होता का? नाही. कोणाचा छळ केला होता का? इथे आईचा चेहरा बदलला. कोणाला जाणूनबुजून गंभीर इजा केली होती का?

“पाढे न येणाऱ्यांना छडी मारलीय,” आई म्हणाली. “जाणूनबुजूनच मारलीय.”

“आई, गंभीर इजा विचारतायत.”

“मग ती पोरं ठरवतील ना!” एका विद्यार्थ्याला तिने खरोखरच फोन लावला. तो आता तहसील कचेरीत आहे. तो म्हणाला, “बाई, तुमच्या छडीमुळेच आज इथे आहे.” आईने ‘नाही’वर खूण केली, पण तो अमेरिकेत साक्षीला येईल का, हेही विचारून ठेवलं.

याच अर्जात विचारतात, की परदेशात तुमच्याकडे वंशपरंपरागत पदवी किंवा सरदारकी आहे का? असली तर ती सोडावी लागते. आमच्या ओळखीतले एक पाटील या प्रश्नापाशी फार दिवस अडले होते. आजोबांपर्यंत खरोखर गावची पाटीलकी होती. ती पदवी झाली का? सोडायची म्हटली तर गावात तोंड कसं दाखवायचं, नाही म्हटलं तर अमेरिकन सरकारशी खोटं. शेवटी त्यांनीच शोधून काढलं, की पाटीलकी महाराष्ट्र सरकारने १९६२च्या कायद्यानेच बंद केली आहे. त्या कायद्याची प्रत घेऊन ते मुलाखतीला गेले. त्यांच्याआधी एका कुलकर्ण्यांनी हा प्रश्न चुटकीसरशी सोडवला होता, कारण कुलकर्णी वतनं त्याहूनही बारा वर्षं आधीच्या कायद्याने गेलेली. देशमुख आणि सरदेसाई मंडळींनी आपापलं बघावं.

शपथेत तर याहून कडक आहे. परदेशी राजे, राजपुत्र, सत्ताधीश, सगळ्यांशी निष्ठा सोडतो, असं हात वर करून म्हणायचं. आमचे पाटील सातारकर. ते म्हणाले, “छत्रपतींच्या गादीचं काय?” कोणीतरी त्यांना आठवण करून दिली, की सातारचं राज्य १८४८ सालीच डलहौसीने खालसा केलं. तेव्हा सोडायचं कायद्याने शिल्लक काही नाही. मनातलं असेल तर फॉर्मात त्याचा रकाना नाही. पाटलांनी शपथ घेतली आणि घरी जाऊन सात्त्विक संतापाने डलहौसीवर एक तास बोलले.

आईची मुलाखत २०२५च्या सुरुवातीला झाली. परीक्षा तेव्हा अशी होती: शंभरातले दहा प्रश्न तोंडी, सहा बरोबर आले की पास. एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं. लिहायला काचेची पाटी दिली. आईने त्यावर इतकं वळणदार लिहिलं, की अधिकाऱ्याने थांबून कौतुक केलं. मग प्रश्न. पहिले सहाच्या सहा बरोबर आले, आणि अधिकारी हसून म्हणाला, अभिनंदन, पास. नियमच होता, सहा बरोबर आले की पुढचं विचारत नसत. आई खुर्चीतून उठेना.

“अँड फोर क्वेश्चन्स?”

“तुम्ही पास झालात.”

“बट आय नो ऑल.”

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं, आईकडे पाहिलं आणि उरलेले चार विचारले. बाहेर आल्यावर आईने पास झाले असं सांगितलं नाही. “पैकीच्या पैकी,” म्हणाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून अर्ज करणाऱ्यांसाठी प्रश्न १२८ झाले आणि विचारतात वीस, हे तिला नंतर कळलं, तेव्हा आपण घाई केली असं तिला वाटलं.

शपथ झाली, भारतीय पासपोर्ट रद्द झाला, ओसीआयचा, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचा, अर्ज गेला. आणि अण्णामामांचा फोन आला. एकोणनव्वद वर्षांचा म्हातारा, आवाज खणखणीत. “अभिनंदन! आता तू अमेरिकन. म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव आपोआप गेलं, नाही का?” प्रतिज्ञापत्राला मामा एका पायावर का उभे राहिले, ते आम्हाला तेव्हा उमगलं. आईने शांतपणे सांगितलं, की ओसीआयवाल्याला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण आधीची वडिलोपार्जित राहते. तिकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मामा म्हणाले, “तरी मी म्हणत होतो, नागपंचमीच लिहू.”

त्याच वर्षी दादाची तारीख आली. २००६चा अर्ज, २०२५ साल. पत्र आलं, फी भरा, कागद लावा. भाच्याचं वय चोवीस, त्यातून दोन वजा, बावीस, बाद. तसाही तो श्टुटगार्टला नोकरीला लागलाय. दादाने पंचावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतलीय, वहिनीकडे सोफ्याच्या कव्हरांच्या ऑर्डरी दिवाळीपर्यंत भरलेल्या. दादा म्हणाला, “तिकडे येऊन मी करू काय? पोरगा जर्मनीत, घर इकडे. फक्त तारीख आली म्हणून यायचं का?” वर्षभरात उत्तर दिलं नाही तर अर्ज रद्द होतो, हे मी सांगितलं. “होऊ दे,” दादा म्हणाला. इतक्या वर्षांत एवढा मोकळा आवाज मी त्याचा ऐकला नव्हता.

आई पलीकडे बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, “आता मी नागरिक आहे ना? मग मुलासाठी मला अर्ज करता येतो.”

मी म्हटलं, येतो, पण तो लग्न झालेला मुलगा, तिसरा रकाना. तिथे आत्ता कुठे २०११च्या अर्जांचा नंबर लागलाय. चौदा वर्षं धर. तू तेव्हा एक्याण्णव वर्षांची असशील. शिवाय अर्ज करणारं माणूस मधेच गेलं, तर अर्जही बहुधा त्याच्याबरोबर जातो.

“मग काय,” आई म्हणाली, “राहावंच लागेल तोवर.” तिने चष्मा लावला, जावयाच्या प्रिंटरवर आय-१३० छापून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर बसून सुवाच्य अक्षरात भरायला घेतला. दादाला सुगावा लागला आणि रात्री त्याचा फोन आला.

“आई, मला यायचं नाहीये. तू अर्ज कशासाठी करतेयस?”

“सगळा फॉर्म वाचलाय मी. सही माझी लागते, तुझी नाही. तुझी फक्त जन्मतारीख लागते, आणि ती मीच घातलेली आहे.”